भारतीय हौशी कबड्डी महासंघ: सुधारणा नेमक्या कुठून सुरू कराव्यात?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

निदानरेषा

ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या अध्यक्षपदाची निवड रद्द केली आणि कारभार प्रशासकाकडे दिला. त्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपले दोन्ही संघ इराणकडून हरले. पुरुष उपांत्य फेरीत, महिला अंतिम सामन्यात. पुढची निवडणूक झाली डिसेंबर २०२३ मध्ये, आणि निवडून आलेल्यांच्या हाती कारभार आला फेब्रुवारी २०२५ मध्ये, तोही सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. दोन खेळाडू न्यायालयात गेल्या म्हणून हे घडलं, कारण तेहरानच्या आशियाई महिला स्पर्धेला भारताचा संघ जाईल की नाही हेच ठरत नव्हतं. तो संघ गेला आणि अंतिम सामन्यात इराणला ३२-२५ हरवून आला.

आता राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम २०२५ आला आहे. कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यात किमान ४ महिला, किमान २ गुणवंत खेळाडू, खेळाडूंची समिती, तंटा निवारणाची सोय, वर न्यायाधिकरण. हे चांगलंच आहे, पण त्यातलं बहुतेक सगळं दिल्लीतल्या खुर्च्यांबद्दल आहे. खेळाडूची आणि महासंघाची गाठ पडते ती चार ठिकाणी: नोंदणी, वय-वजन तपासणी, निवड चाचणी आणि प्रमाणपत्र. या चार ठिकाणचा कागद नीट झाला तर निम्मी भांडणं न्यायालयात जाणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात नोंदणीपासून करतो. आज खेळाडू मंडळाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून राज्याकडे नोंदवला जातो. मंडळ बदलायचं तर ना हरकत दाखला लागतो, आणि तो अडवून ठेवणं हे मंडळाच्या हातातलं सर्वात मोठं हत्यार आहे. यावर सूचना अशी:

प्रत्येक खेळाडूला आयुष्यभरासाठी एकच क्रमांक द्यावा. मंडळ, जिल्हा, राज्य, खाते काहीही बदललं तरी क्रमांक तोच. बदलीसाठी वर्षातून एकच मुदत ठेवावी, १ ते ३० जून. अर्ज खेळाडूने थेट जिल्ह्याकडे करायचा, मंडळाला फक्त प्रत जाईल. मंडळाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर बदली आपोआप मंजूर. हरकत घ्यायला कारणं दोनच: साहित्य परत केलेलं नाही किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू आहे. "आम्ही त्याला घडवला" हे कारण चालणार नाही. घडवणाऱ्या मंडळाचं नाव खेळाडूच्या नोंदीत "पहिलं मंडळ" म्हणून कायम राहावं. तो मान मंडळाला मिळायलाच हवा.

जाणकारांनी भर घालावी. किती माणसं लागतील, काय अडेल, का अडेल, हे लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

लेखाबुक

नोंदणीचा मुद्दा मान्य, पण त्याच्याही खाली एक पायरी आहे आणि सगळं घर तिथेच कलतं: जिल्हा संघटनेची मतदार यादी.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेल्या आहेत. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेत जात नाही. किंवा जातो, पण हरले ते गट हरकत घेतात आणि अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. मग कागदोपत्री जुनेच विश्वस्त आणि मैदानावर नवे पदाधिकारी. राज्याच्या निवडणुकीत प्रतिनिधी कोणाचा धरायचा? दोन्ही गट ठराव घेऊन येतात. राज्य आपल्या सोयीचा धरतं. तोच वाद पुढे महासंघाच्या मतदार यादीत जातो आणि तिथून न्यायालयात. दिल्लीतल्या वादाचं मूळ अनेकदा अशा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या इतिवृत्ताच्या वहीत सापडतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. राज्याने दरवर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्याकडून चार कागद मागावेत: लेखापरीक्षित हिशेब, बदल अर्जाची पोच, सर्वसाधारण सभेचं सहीचं इतिवृत्त आणि मतदानाचा हक्क असलेल्या मंडळांची यादी. चारही कागद संकेतस्थळावर टाकावेत. कागद आले नाहीत तर त्या वर्षी त्या जिल्ह्याला मत नाही. संघ मात्र खेळणारच. हे वाक्य घटनेत स्पष्ट हवं. पदाधिकाऱ्याच्या चुकीची शिक्षा खेळाडूला द्यायची नाही.

मंडळाचा मतदानाचा हक्कही खेळाशी बांधावा. मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत ज्याचा संघ प्रत्यक्ष उतरला, त्यालाच मत. पुढे चाल देऊन घरी बसलेल्यांना नाही. फक्त निवडणुकीपुरती जिवंत असलेली मंडळं याने गळतील.

निदानरेषा

लेखाबुक, "मत नाही, पण संघ खेळणार" हे मनापासून पटलं. ही दोन कलमं कायम एकमेकांत अडकवली जातात.

गुणलेखक

मी निवडीबद्दल लिहितो, कारण निवडीत जे चुकतं ते गुणपत्रकातून चुकतं.

आपलं नेहमीचं गुणपत्रक गुण मोजतं, कामगिरी मोजत नाही. कोणत्या संघाचा कितवा गुण, कोणता खेळाडू बाद, लोण (अख्खा संघ बाद) कधी, एवढंच त्यातून कळतं. बचावपटूने पाच पकडी केल्या हे दिसतं. त्यासाठी त्याने किती वेळा हात घातला आणि किती वेळा चढाईपटूला गुण देऊन बसला, हे कुठेच दिसत नाही. पाच यशस्वी आणि दोन फसलेल्या पकडी करणारा डावा कोपरा (त्या टोकाचा बचावपटू), आणि पाच यशस्वी व नऊ फसलेल्या करणारा डावा कोपरा, कागदावर दोघे सारखेच. मग निवड समिती आठवणीवर जाते, आणि आठवण शेवटच्या सामन्याची असते.

म्हणून गुणपत्रकासोबत एक वेगळा चढाई तक्ता ठेवावा. एक ओळ म्हणजे एक चढाई. ४० मिनिटांचा सामना आणि ३० सेकंदांची चढाई म्हणजे पूर्ण वेळ घेतल्या तर ८० चढाया. काही लवकर संपतात, म्हणून एका सत्राला ४५ ओळींचं एक पान, सामन्याला दोन पानं. रकाने असे: चढाईचा अनुक्रमांक, चढाईपटूचा क्रमांक, समोर किती बचावपटू, तिसरी चढाई (सलग दोन रिकाम्या गेल्यावरची, गुण नाही आणला तर बाद) आहे का, निकाल, पहिला हात कोणी घातला त्याचा क्रमांक, साथ कोणी दिली त्याचा क्रमांक.

निकालाला एकेका अक्षराची खूण: "रि" रिकामी, "स्प" स्पर्शाने गुण (पुढे आकडा), "बो" बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण), "प" पकड, "अ" अव्वल पकड, "बा" चढाईपटू स्वतःहून बाहेर. समोर किती बचावपटू हा रकाना लोकांना जादाचा वाटतो, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं आंधळं आहे. बोनस सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच मिळतो आणि अव्वल पकड तीन किंवा कमी असतानाच. सातजणांत शिरून आणलेला एक गुण आणि दोघांत शिरून आणलेला एक गुण सारखे कसे धरणार?

दोन माणसं लागतात. एक बघून मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. एकट्याने केलं तर पहिला हात कोणाचा हे हमखास चुकतं, कारण नजर वहीत असते आणि पकड त्याच क्षणी होते. बसण्याची जागा मध्यरेषेच्या टोकाला आणि थोडी उंचावर हवी. टेबलावर टेबल नाही, पण व्यासपीठाची पायरी चालेल. साखळी पकडीत क्रमांक झाकले जातात, म्हणून पाठीइतकाच ठळक क्रमांक छातीवरही हवा.

दुसरा कोपरा

गुणलेखकदादा, तक्ता उत्तम. पण जिल्हा स्पर्धेत एका वेळी तीन-चार मैदानं चालू असतात. सगळीकडे दोन-दोन माणसं मिळणार नाहीत. आणि टॅबवर भरायचं म्हणाल तर निम्म्या मैदानांवर रेंज नसते.

गुणलेखक

टॅब नकोच, निदान जिल्ह्याला. छापील पान, कार्बन आणि पेन. एक प्रत आयोजकाकडे, एक जिल्ह्याकडे, आणि सामना संपल्यावर पानाचा फोटो दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना. फोटो गेला की नंतर खाडाखोड करता येत नाही. सगळ्या सामन्यांची गरजही नाही. जिल्ह्यात शेवटच्या १६ संघांपासून पुढे केलं तर १५ सामने होतात. तिथून वरचे खेळाडूच निवड चाचणीला येतात. लिहिणारे म्हणून पंच परीक्षेला बसणारे उमेदवार घ्या, परीक्षेआधी पाच सामन्यांचा तक्ता लिहिणं सक्तीचं करा. नियम आपोआप पाठ होतात.

निवड समितीनेही एक पान लिहिलं पाहिजे. १२ जणांच्या संघात प्रत्येकाच्या नावापुढे जागा: उजवा कोपरा, डावा कव्हर, डावीकडून चढाई, आणि त्याच जागेसाठी विचारात घेतलेलं दुसरं नाव. हा रकाना भरायला घेतला की चूक समितीलाच दिसते. एकाच बाजूने चढाई करणारे चौघे घेतले आणि उजव्या कोपऱ्याला राखीव कोणीच नाही, असे संघ याच रकान्याअभावी निवडले जातात. यादी लागल्यापासून ४८ तासांत खेळाडूला आपल्या आकड्यांचं पान मागता यावं.

सांधा

वय आणि वजन. इथे चुकीच्या समजुती फार आहेत, म्हणून सविस्तर.

हाडांच्या वयाची चाचणी म्हणजे डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे. प्रचलित टीडब्ल्यू-३ पद्धतीत १३ हाडांची वाढ बघून गुण देतात. पण वाढ पूर्ण झाली की मोजायला काही उरत नाही. मुलांमध्ये ही मर्यादा १६.५ वर्षं, मुलींमध्ये १५. म्हणजे १६ वर्षांखालच्या किशोर गटात मुलांसाठी ती जेमतेम कामाची. त्याच वयाच्या किशोरी गटात "हाडं पूर्ण वाढली" एवढं म्हणून मुलगी १६ च्या वर आहे हे सिद्ध होत नाही, ती खरोखर १५ वर्षांची असू शकते. आणि २० वर्षांखालच्या कुमार गटासाठी हा एक्स-रे निरुपयोगी आहे. तरीही कुमार गटाच्या वादात "बोन टेस्ट करा" अशी मागणी होते आणि निकालावर दोन्ही बाजू भांडतात.

म्हणून वय कागदावरच ठरवावं लागेल, आणि कागद लवकर घ्यावा लागेल. नोंदणी १० ते १२ वर्षांच्या वयात करा. तेव्हा वय चोरण्यात कोणाला फायदा दिसत नाही. जन्मापासून वर्षभरात नोंदलेला जन्मदाखला असेल तर तो पुरेसा. दाखला उशिरा काढलेला असेल तर सोबत पहिलीत प्रवेश घेतलेल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. एकदा नोंदलेली तारीख बदलायची असेल तर राज्याच्या समितीपुढे, कारणासह, आणि त्या वर्षी वयोगटात खेळायचं नाही. हा शेवटचा नियम कडक वाटेल, पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्या "दुरुस्त्या" त्याशिवाय थांबणार नाहीत.

वजन. वरिष्ठ पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकदाच वजन घेतात, म्हणून पोरं दोन दिवस पाणी तोडतात, प्लास्टिक घालून पळतात, आणि काही जण लघवीच्या गोळ्या घेतात. फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या आहेत. कामगिरी वाढवायला काहीच न घेता खेळाडू बंदीत अडकू शकतो. आणि पाणी तुटलेल्या शरीराने दिवसाला दोन सामने खेळणं म्हणजे गोळे, चक्कर, मूत्रपिंडावर ताण.

उपाय: वजन प्रत्येक सामन्याच्या दिवशी सकाळी घ्या. रात्रीत दोन-तीन किलो भरून काढण्याचा खेळच संपेल. सोबत लघवीची घनता मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर ठेवा. १.०२० च्या वर आकडा आला की त्या वेळचं वजन ग्राह्य नाही, पाणी पिऊन पुन्हा या. काटा एकच, आणि सराव शिबिरातही तोच प्रमाणित काटा. दोन काट्यांमधल्या अर्ध्या किलोवरून रडणारी मुलं बघवत नाहीत.

आता मॅट. जिल्हा मातीवर आणि राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर, यात गुडघे जातात. मातीत अनवाणी पाय सरकतो आणि पिळा निघून जातो. मॅटवर बूट धरून ठेवतो, वरचं शरीर वळतं, आणि गुडघ्यातला पुढचा आडवा अस्थिबंध तुटतो. संघाला किमान १५ दिवस मॅटवर सराव दिल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेला पाठवू नये. १३ × १० मीटरच्या मैदानाला एक मीटरचे १३० तुकडे लागतात. चारही बाजूंना दोन मीटर मोकळी जागा धरली तर १७ × १४ म्हणजे २३८. पैसे वाचवायला बाहेरचे १०८ गाळतात, आणि चढाईपटू ढकलला गेला की सरळ फरशीवर पडतो. तुकड्यांच्या पाठीवर क्रमांक घाला, दरवेळी त्याच क्रमाने लावा. आडवे रचून सावलीत ठेवा. उभे किंवा उन्हात ठेवले की कडा वळतात, सांध्यात फट पडते आणि अंगठा अडकतो. सामन्यात दोन्ही बाजूंना कोरडं फडकं घेऊन एकेक मुलगा हवा, प्रत्येक टाइमआउटला पुसायला. घामावरची घसरण ही सर्वात स्वस्तात टळणारी दुखापत आहे.

चंद्रभागा

महिलांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

महिलांचं मैदान १२ × ८. पुरुषांच्याच मॅटवर पट्ट्या बदलून खेळवतात. प्रत्येक वेळी पट्ट्या काढणं-लावणं नको म्हणून महिलांचे सगळे सामने सकाळी ओळीने उरकतात, भर उन्हात किंवा रिकाम्या हॉलमध्ये. दोन रंगांच्या पट्ट्या एकाच मॅटवर ठेवल्या तर निदान रेषेवरून (चढाईपटूने ओलांडायचीच अशी रेषा) हमखास वाद होतो. साधा उपाय आहे. चार मॅट असतील तर दोन संपूर्ण स्पर्धेत महिलांच्याच. वेळापत्रक मोकळं होतं आणि संध्याकाळचे सामने मिळतात.

शिबिराला महिला व्यवस्थापक नसेल तर शिबिर सुरूच होऊ नये. फक्त नाव नको, मुक्कामाला तीच हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक सदस्य बाहेरून. समितीचे फोन क्रमांक शिबिराच्या भिंतीवर आणि प्रत्येक मुलीच्या निवडपत्रावर छापलेले हवेत. प्रशिक्षकाच्या हातात निवडही आणि तक्रारीची वाटही असेल तर मुलगी तक्रार करणार नाही. ती खेळ सोडेल.

आणि प्रशिक्षक. २०१८ मध्ये आपल्या मुलींना अंतिम फेरीत २७-२४ हरवणाऱ्या इराणच्या संघाला घडवणाऱ्या शैलजा जैन नाशिकच्या. हे ज्ञान आपल्या मातीतलं आहे. त्याला इथे जागा देणारी खुली पद्धत हवी: जाहिरात, अर्ज, मुलाखत, चार वर्षांचा करार. स्पर्धेपुरता प्रशिक्षक नेमून संघ बांधता येत नाही.

विदर्भी

लेखाबुक यांनी मतांचा मुद्दा काढला म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र आणि विदर्भ असे दोन संघ उतरतात. रेल्वे आणि सेनादलही वेगळे उतरतात. "एक राज्य एक मत" लावलं तर विदर्भाचं मत जाईल, आणि मत गेलं की संघही जाईल ही भीती खरी आहे. १९३६ ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. तिथल्या मुलांना १२ जणांच्या एकाच संघासाठी मुंबई-पुणे-रत्नागिरीशी झगडायला लावलं तर किती येतील?

लेखाबुक

विदर्भी, तुमची काळजी योग्य आहे. मत आणि संघ वेगळे करावेत, हेच मी वर म्हटलं. मत राज्यामागे एक, पण स्पर्धेतली जागा खेळणाऱ्या मंडळांच्या संख्येवर. ज्या घटकात ठरावीक संख्येने मंडळं प्रत्यक्ष खेळतात, त्याचा संघ राहील. आकडा महासंघाने सगळ्यांना सारखा लावावा. मोठ्या राज्यांना दोन संघ मिळाले तर खेळाचं नुकसान नाही. रेल्वे-सेनादलाला संघ असावा, मत नसावं असं मला वाटतं. तिथे मंडळं नाहीत, नेमणुका आहेत.

विदर्भी

संघाची हमी घटनेतच लिहिली तर मान्य. परिपत्रकात नको. परिपत्रक एका सहीने फिरतं.

सरपंच

पंचांच्या बाजूने. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, समोर इराण. २८-२८, मिनिटभर उरलेलं. आपला चढाईपटू स्पर्श न करता लॉबीत (मैदानाच्या कडेची पट्टी, स्पर्श झाल्यावरच खेळात येणारी) गेला आणि बचावपटू त्याच्या मागोमाग. फक्त चढाईपटू बाद की मागे आलेले बचावपटूही? नवा नियम की जुना? सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी ३३-२९ असं सुवर्ण मिळालं, पण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोणता नियम चालू आहे यावर वाद व्हावा ही कबड्डीसाठी दुःखाची गोष्ट आहे.

कारण साधं आहे. प्रो कबड्डीचे नियम वेगळे, महासंघाचे वेगळे, आणि कोणती आवृत्ती कधीपासून लागू हे एका ठिकाणी नाही. सूचना: नियमपुस्तिकेला आवृत्ती क्रमांक आणि लागू तारीख. बदल वर्षातून एकदाच, १ एप्रिलला. सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही प्रशिक्षकांची सही "आवृत्ती अमुक" या ओळीखाली. पुस्तिका हिंदी-इंग्रजीसोबत मराठी, कन्नड, तमीळमध्येही त्याच दिवशी. मराठी पंच इंग्रजी परिपत्रक व्हॉट्सॲपवर वाचून आपापला अर्थ लावतात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत एकाच प्रसंगाला दोन निकाल मिळतात.

दाद मागायची सोय जिल्ह्यातही होऊ शकते. दोन्ही लॉबीच्या रेषेवर, तीन मीटर उंच खांबाला एकेक मोबाइल, सेकंदाला ६० चित्रं. प्रत्येक संघाला सत्रात एक दाद. निकाल दोन मिनिटांत, नाहीतर मूळ निर्णय कायम. फोन मैदानाच्या पातळीवर ठेवला तर खेळाडूंच्या पायांमागे रेषा झाकली जाते, म्हणून उंची महत्त्वाची.

दुसरा कोपरा

वेळापत्रकाबद्दल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. राष्ट्रीय स्पर्धेची तारीख २० दिवस आधी कळली तर १२ खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक मिळून १४ जागा एकत्र मिळणं अशक्य. संघ तुकड्या-तुकड्यांनी, रात्र जागून पोहोचतो आणि सकाळी वजनाला उभा राहतो. महासंघाने फक्त तारीख आणि ठिकाण ७५ दिवस आधी पक्कं केलं, तरी पैसा न लागता मोठी सुधारणा होईल.

सामन्यांचं गणितही करून बघावं. ३२ संघ, आठ गट, गटात सहा सामने म्हणजे ४८. बाद फेरीचे १५. एकूण ६३. तीन मॅटवर प्रत्येकी २१, दिवसाला पाच धरले तर पाच दिवस लागतातच. ते तीन-चार दिवसांत उरकतात, म्हणून अंतिम फेरीतला संघ सात सामने खेळून संपलेला असतो. दोन सामन्यांत किमान चार तास हवेत.

निदानरेषा

प्रमाणपत्रांचं राहिलं, आणि घरच्यांना तेच सर्वात जास्त दिसतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. तिथे प्रमाणपत्र अडतं ते बहुधा खोटं असतं म्हणून नव्हे, तर नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, स्पर्धेचा अनुक्रमांक चुकला आहे, किंवा सही अशा पदाधिकाऱ्याची आहे ज्याची निवडच पुढे रद्द झाली. खेळाडू खरा, सामना खरा, आणि कागद बाद. यासारखा अन्याय नाही.

राष्ट्रीय प्रमाणपत्रं डिजिलॉकरवर द्यायचं क्रीडा मंत्रालयाने २०२३ मध्येच सांगितलं आहे. त्याला एक जोड हवी. स्पर्धा संपल्यापासून १५ दिवसांत महासंघाने सहभागी संघांची संख्या, अंतिम १२ जणांची यादी, सामन्यांचा आराखडा आणि गुणपत्रकं संकेतस्थळावर टाकावीत. नावं दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, नोंदणी क्रमांकासह. म्हणजे सही कोणाचीही असो, नोंद उभी राहते. गुणलेखकदादांचा चढाई तक्ता जोडला तर खेळाडू केवळ राखीव बसला होता की मैदानात उतरला होता, हेही सिद्ध होतं.

येत्या हंगामात एका जिल्ह्याला हा तक्ता वापरून बघायला सांगायचा विचार आहे. छपाईचा मसुदा आज करतो. गुणलेखकदादा, एक अडचण: सरपंचांनी लिहिलेला लॉबीचा प्रसंग तुमच्या खुणांत बसत नाही. "बा" लिहिलं तर मागे गेलेल्या बचावपटूंचं काय?

गुणलेखक

बरोबर, ते सुटलं होतं. "ल" ही वेगळी खूण करा, स्पर्शाशिवाय लॉबीत गेल्याची. तिच्यापुढे मागे आलेल्या बचावपटूंचे क्रमांक लिहायचे, ते बाद दिले असोत वा नसोत. गुण कोणाला दिला ते मूळ गुणपत्रकात आहेच. तक्त्याने घडलं ते लिहावं, निकाल लिहू नये. शंभर सामन्यांत "ल" किती वेळा आलं आणि पंचांनी काय दिलं, हे नियम समितीपुढे ठेवता येईल.

सरपंच

पानाच्या माथ्यावर नियमांच्या आवृत्तीसाठी एक चौकट ठेवा. आणि कार्बन दोन घाला, तिसरी प्रत पंच मंडळाला हवी.

दुसरा कोपरा

तीन प्रती असतील तर कागद पातळ घ्या आणि जेल पेन नको, बॉलपेनच. जेलने खालच्या प्रतीवर काही उमटत नाही. मसुदा टाका, मी ओळींची उंची तपासून सांगतो. आठ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवलीत तर घाईत दोन ओळी एकमेकींवर चढतील.